धोट्याआधी चूळ

गंगाक्काच्या दारात पाय ठेवला की 'या, बसा' कधी ऐकू आलं नाही. आधी पाण्याचा तांब्या पुढे यायचा आणि मागून तिचा आवाज, "आदी चूळ भर, मग काय त्ये बोल." विणकर असो, सुताचा व्यापारी असो, देवी टोचायला आलेला सरकारी माणूस असो, सगळ्यांना एकच न्याय. वर्गणी मागायला आलेल्या एका पुढाऱ्यानं, आम्ही बसणार नाही, उभ्याउभ्याच बोलतो, असं सांगून पाहिलं. चूळही उभ्यानंच भरायची असते, असं उत्तर त्याला मिळालं.

खासबाग या विणकरांच्या वस्तीत तिचे हातमाग होते. कौलारू पडवीत ते सकाळपासून दिवेलागणीपर्यंत खडखडत, आणि त्या खडखडाटावर तिचा आवाज सहज चढत असे. मी जवळच्याच दवाखान्यात नर्स होते. बाळंतपणं हे माझं काम, पण गल्लीतली खरूज, नायटे आणि गळवंही माझ्याच वाट्याला येत. त्यामुळे गंगाक्काकडे माझं जाणं-येणं असे आणि चूळ मलाही सुटली नव्हती.

ज्यांनी माग जवळून पाहिलेला नाही त्यांना या चुळीचं कारण सांगायला हवं. धोटा म्हणजे लहान होडीसारखा लाकडी तुकडा. त्याच्या पोटात सुताची कांडी बसवतात आणि तो ताण्यातून, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांतून, इकडून तिकडे पळतो. कांडीवरचा धागा धोट्याच्या कुशीतल्या बारीक भोकातून बाहेर काढावा लागतो. बोट तिथं पोचत नाही. म्हणून विणकर भोकाला ओठ लावतो आणि श्वास आत ओढतो, की धागा जिभेवर येतो. कांडी संपली, नवी बसवली, की पुन्हा तेच. एक माणूस जेवायला उठला की दुसरा त्याच मागावर बसतो, त्याच धोट्याला तोंड लावतो.

"धोट्याला तोंड लावलं म्हंजे आख्ख्या गावाला तोंड लावलं," असं गंगाक्का म्हणे. आणि गावाच्या तोंडात काय काय असतं हेही सांगे. त्यात पहिलं नाव गरमीचं, म्हणजे उपदंशाचं.

त्या काळी हे नाव चारचौघांत घेत नसत. बाहेरचा आजार म्हणत. तो लष्कराच्या कॅम्पाकडच्या ठराविक गल्ल्यांत जाणाऱ्या पुरुषांना होतो आणि पुढे त्यांच्या बायकांना, एवढं सर्वांना ठाऊक असे आणि तेवढ्यावर विषय संपत असे. गंगाक्का मात्र वांग्याचा भाव विचारावा तितक्या मोकळ्या गळ्यानं गरमीबद्दल बोलायची. दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती, कॅम्प गोऱ्या-काळ्या शिपायांनी भरला होता, आणि तिच्या बोलण्याला ऊत आला होता.

चुळीच्या तिनं पायऱ्या ठरवल्या होत्या. नुसती तंबाखू खाल्ली असेल तर मिठाचं पाणी. बाजारातून आला असेल तर मीठ आणि तुरटी. कॅम्पाकडून आला असेल तर बाभळीच्या सालीचा काढा, काळाकुट्ट, तोंडाचं चामडं करून टाकणारा. कोण कुठून आलं हे ती विचारत नसे, चेहऱ्याकडे बघून तांब्या निवडत असे. त्यामुळे काढ्याचा तांब्या उचलला गेला की सगळे माग क्षणभर मंदावत आणि ज्याच्याकडे तो गेला त्या माणसाला उरलेला दिवस जड जाई. कॅम्पातल्या चर्चजवळ सुतारकाम करून मग मागांच्या दुरुस्तीला येणाऱ्या एका म्हाताऱ्याला रोज काढा मिळे. शेवटी त्यानं वाट बदलली आणि लांबून वळसा घालून यायला लागला.

गुळणीचा आवाजही तिच्या कानाला कळे. "गालातच नाचवालास की रं. घशापतोर जाऊ दे." चुळा टाकायच्या कोपऱ्यात गवताची काडी उगवत नव्हती, आणि औषध कसं जालीम आहे ते ती तिथं नेऊन पाहुण्यांना दाखवी.

माझं आणि तिचं यावरून नेहमी वाजे. मी तिला सांगे की मिठाच्या पाण्यानं हिरड्या चांगल्या राहतात, वास जातो, पण गरमी चुळीनं धुऊन निघत नाही. तोंडात चट्टे असतील तर तुरटीनं ते आवळतात, दुखणं कमी होतं आणि माणसाला वाटतं बरं झालं. रोग आत तसाच असतो आणि दुसऱ्याला लागायचा तोही लागतोच. ती सगळं ऐकून घेई आणि म्हणे, "बाई, तुमी पोरं काढा. तोंडाचं मी बघतो."

तिच्याकडे चंद्रा नावाची पोर कांड्या भरायला होती. माहेर बेळगुंदीचं, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नवरा शिवा तिथंच मागावर बसायचा. कांडी भरायची, धोट्यात बसवायची, तोंडानं धागा ओढून तयार धोटा विणकराच्या हातात द्यायचा, हे चंद्राचं काम. मध्येच धागा तुटला की विणकर तो स्वतः ओढी, आणि कांडी संपली की तोच धोटा पुन्हा तिच्याकडे येई. म्हणजे पडवीतल्या प्रत्येक धोट्याला तिचे ओठ लागत. चूळ ती न चुकता भरी.

एका सकाळी तिनं पदरानं झाकलेला ओठ मला दाखवला. खालच्या ओठावर एक कडक, न दुखणारा फोड होता आणि हनुवटीखाली गाठ. मी तिला तडक सरकारी इस्पितळात नेलं. रक्त तपासलं, गरमीच निघाली. डॉक्टरांनी शिवालाही बोलावलं. त्याचं रक्त स्वच्छ होतं.

नवऱ्यालाही निघाली असती तर घरात भांडण होऊन मिटलं असतं. नवरा स्वच्छ निघाला आणि चंद्राचा निकाल लागला. तिच्या सासूनं, तानूबाईनं, त्याच संध्याकाळी सुनेची लुगडी फडक्यात बांधली. सकाळी तिला बेळगुंदीला पोचवायचं आणि पुन्हा आणायचं नाही, असं ठरलं. शिवा उंबऱ्यात मान खाली घालून बसला होता.

मी गंगाक्काकडे गेले आणि झालं ते सांगितलं. तिनं तांब्या पुढे केला नाही. "परत्येकाचं तोंड बगा," म्हणाली, "आत्ताच्या आत्ता." तिनं माग थांबवले आणि विणकरांना दारात उजेडाला ओळीनं उभं केलं. परसूच्या जिभेवर आणि गालाच्या आत पांढरे चट्टे होते.

परसू हा तिचा सगळ्यात आवडता गडी. सगळे काढ्याला तोंड वाकडं करत, हा मागून घेई, वर आणखी एक गुळणी करी. बाकीच्यांना ती त्याचा दाखला देई. मी विचारल्यावर त्यानं सांगून टाकलं की कॅम्पात जाणं होतं, तोंड आलं होतं, आणि आक्काच्या काढ्यानं आग थांबायची म्हणून बरं वाटायचं. त्याच्याही मागाला चंद्राच धोटे देत होती.

गंगाक्का खांबाला टेकली. "मग इतकी वर्सं म्या काय केलो, बाई?"

"हिरड्या सांभाळल्या," मी म्हटलं. तिला खोटा धीर द्यायला वेळ नव्हता. "परसूला मी इस्पितळात नेते, त्याच्या बायकोलाही. तुम्ही तानूबाईकडे चला."

तानूबाईला मी धोट्याचं सगळं समजावलं. काचेच्या भट्टीत एकच नळी फुंकणाऱ्या माणसांनाही असा रोग लागलेला आहे, डॉक्टरांनी सांगितलंय, हेही सांगितलं. तिनं ऐकलं आणि गोष्ट आणखीच बिघडली. एकाच पडवीतला गडी आणि एकाच पडवीतली बाई, दोघांना एकच रोग, आणि म्हणे धोट्यातनं.

"मला काय येडी समजालीस काय गं आक्का?" ती गंगाक्काला म्हणाली. "तुज्या मागाची अब्रू झाकायला माज्या घराचं वाटोळं करालीस व्हय?"

गंगाक्का एरवी अशा बोलण्याला दुप्पट उत्तर देणारी. त्या दिवशी ती खाली बसली. चंद्रा चुलीपाशी पाठ करून होती. गाठोडं मध्ये होतं.

"तानू, माजा दाल्ला परागंदा झाला असं समदी म्हणत्यात. त्यो कुटं गेला न्हाई. हुबळीत हाय, नातवंडं झाल्यात त्येला." तिचा आवाज नेहमीपेक्षा लहान होता. "हिच्या वयाचा असताना माज्याबी व्हटाला असंच आलतं. त्येला काय न्हवतं. म्हणून त्येनं मला भाईर काडलं. म्या काय सांगणार? मलाच ठावं न्हवतं कुटनं आलं. धोटा ध्येनात याला लई वर्सं गेली. तवर त्येनं दुसरी केलती."

चंद्रानं चुलीपासून मान वळवली.

"तुजी सून चांगली हाय गं," गंगाक्का म्हणाली. "मीबी चांगलीच हुतो."

तानूबाई तोंड फिरवून बसून राहिली. उठला तो शिवा. त्यानं गाठोडं उचललं आणि आत नेऊन ठेवलं. सकाळी चंद्राला तो बेळगुंदीऐवजी इस्पितळात घेऊन गेला.

पुढचं काम सरळ होतं आणि कंटाळवाणं होतं. दंडातली शीर शोधून द्यायची ती इंजेक्शनं चंद्रानं महिनोन्‌महिने घेतली. अंग मोडून यायचं, ओकाऱ्या व्हायच्या, पण तिनं एकही चुकवलं नाही. परसू दोनदा पळाला, दोन्ही वेळा गंगाक्कानं त्याला शोधून आणला. पडवीत तिनं धागा ओढायला तारेचे आकडे करून घेतले. वेळ जातो म्हणून विणकर कुरकुरले, दोघं सोडून गेले. धोट्याला ओठ लागलेले दिसले तर आकडा ओठातच अडकवीन, अशी तिची धमकी होती आणि ती खरी वाटायची.

सगळ्यांची रक्तं झाल्यावर मी तिला म्हटलं, आता तुमचं. ती टाळत राहिली. मी वाळलेलं लाकूड, माझं काय बघायचं, म्हणाली. मी तिला टांग्यात बसवून नेलं. डॉक्टरांनी रक्त पाहिलं, तिला तपासलं, आणि मला सांगितलं की रोग जुना आहे, केव्हाच थंड पडलाय. तिच्यापासून आता कुणाला काही लागणार नाही. गेली कित्येक वर्षं लागण्यासारखं नव्हतंच.

हे मी तिला परत येताना टांग्यात सांगितलं. तिनं पुन्हा सांगायला लावलं. मग रस्त्याकडे बघत राहिली.

"माज्या भनीची चार पोरं माज्या मांडीवर वाडली," ती म्हणाली. "एकाचाबी मुका घेतला न्हाई म्या. पोरं म्हणायची, मावशी लई कडक हाय."

मी टांगेवाल्याला सावकाश घ्यायला सांगितलं.

डॉक्टरांनी हरकत नाही म्हटल्यावर, दोनेक वर्षांनी चंद्राला मुलगी झाली. बाळंतपण मीच केलं. मूल धडधाकट होतं, रक्तही स्वच्छ निघालं. बारशाला तानूबाईनं स्वतः मुलगी आणून गंगाक्काच्या मांडीवर ठेवली. गंगाक्का दोन्ही हात लांब करून, तापलेलं भांडं धरावं तशी तिला धरून बसली आणि बायकांच्या घोळक्यातून माझ्याकडे बघायला लागली.

"घ्या की आक्का," मी म्हटलं. "किती वेळ बघत बसणार?"

तिनं मुका इतका जोरात घेतला की पोरीनं भोकाड पसरलं. तानूबाई घ्यायला पुढे झाली. गंगाक्कानं दिली नाही.