साडेसातचे पट्टे

हिम्मतराव बिराजदार ऑफिसातून घरी आले, की पहिली दहा मिनिटं त्यांच्याशी कुणी बोलत नसे. पाटबंधारे खात्यात ते हेडक्लार्क होते. साहेब त्यांच्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान, आणि त्यात नव्यानं आलेल्या कॉम्प्युटरवर लट्टू. दिवसभराचा राग हिम्मतराव बसमधून सांभाळून हैदराबादच्या चिक्कडपल्लीतल्या घरापर्यंत आणत, थोडा दारातल्या चपलांवर काढत, आणि उरलेला घेऊन आतल्या खोलीत शिरत. साडेसातला त्या खोलीतून बारीक घरघर ऐकू यायला लागे. आठ वाजता जो माणूस बाहेर येई, तो अळणी आमटीसुद्धा मुकाट्यानं जेवे.

खोलीत रेल्वे होती. प्लायवूडच्या मोठ्या फळीवर रूळ, एक बोगदा, दोन सिग्नल आणि आगपेटीच्या काड्यांचं उदगीर स्टेशन. लहानपणी हिम्मतरावांनी ज्या फलाटावर सुट्ट्या घालवल्या होत्या, तो फलाट. मेव्हण्यानं मस्कतहून आणलेलं जपानी इंजिन चार डबे ओढत त्या फलाटाला लागे, आणि हिम्मतराव मनातल्या मनात उतारू उतरवून घेत. दर गुरुवारी सिकंदराबादहून नामदेवराव येत. ते रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. चाळीस वर्षं खऱ्या गाड्यांवर काढूनही त्यांचं मन भरलं नव्हतं. ते खिशातून शिट्टी काढत, हिरवा रुमाल हलवत, आणि गाडी दोन मिनिटं उशिरा सुटली तर वहीत कारण लिहीत.

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात बिल्डिंगीत केबल आली.

नुकतीच कुठं परदेशी चॅनेलं दिसायला लागली होती. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या प्रशांतनं आपली नोकरी सोडून बिल्डिंगीच्या गच्चीवर डिशची भली मोठी छत्री बसवली आणि चोवीस घरांत वायरी सोडल्या. प्रशांत मूळचा नांदेडकडचा, पण जन्म हैदराबादचा. बिल्डिंगीचे सेक्रेटरी म्हणून हिम्मतरावांनी त्याला परवानगी दिली, तीही आपल्या माणसाचं भलं व्हावं म्हणून.

आठवड्याच्या आत वरच्या मजल्यावरच्या पद्मावतीबाई दारात उभ्या राहिल्या.

"सेक्रेटरीसाहेब, माझ्या मालिकेत पट्टे येतात. बाईचं तोंडच दिसत नाही. रडती का हसती, काही कळंना."

"कधी येतात?"

"रोज साडेसातला. आठला जातात. मालिका संपली की चित्र कसं आरशासारखं."

मग खालून तक्रार आली, शेजारून आली. हिम्मतरावांचं डोकं तापलं. त्यांनी प्रशांतला बोलावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सव्वासातला प्रशांत आला. हिम्मतराव कपडेही न बदलता हाताची घडी घालून टीव्हीसमोर उभे राहिले. साडेसात झाले. पावणेआठ झाले. चित्र स्वच्छ.

"काका, एकदम क्लीन आहे की," प्रशांत म्हणाला.

"मग चोवीस घरं खोटं बोलतात का?"

"तसं नाही काका. पण बगा ना तुम्हीच."

"मी काय बघू? तू माणसं बघून पट्टे बंद करतोस."

प्रशांतनं आपली हत्यारं गोळा केली. तो गेला. हिम्मतराव कपाळाची शीर चोळत आत गेले, दार लावलं आणि गाडी सोडली. गाडीनं बोगदा पार केला, तोच बाहेरून बायकोचा, मंगलाताईंचा आवाज आला, "अहो, पट्टे आले."

हिम्मतरावांनी बटण बंद केलं आणि तीरासारखे बाहेर आले. चित्र स्वच्छ होतं.

"कुठंयत?"

"गेले आत्ता," मंगलाताई म्हणाल्या आणि शेंगा सोलत राहिल्या.

"हरामखोर जिन्यात उभा राहून मजा बघतोय."

पुढचे पंधरा दिवस हेच चाललं. प्रशांतनं वायर बदलली. जोड बदलले. गच्चीवरची छत्री दोन वेळा फिरवली. प्रत्येक दुरुस्तीनंतर संध्याकाळी हिम्मतराव जातीनं तपासायला उभे राहत, तेव्हा चित्र झकास असे. प्रशांतला चार शब्द सुनावून, तापलेलं डोकं घेऊन ते खोलीत जात, आणि पाच मिनिटांत पद्मावतीबाईंच्या मालिकेतली बाई पट्ट्यांआड जाई. जितका राग जास्त, तितकी गाडी जास्त वेळ चाले. पूर्वी अर्धा तास पुरत असे, आता तास लागे. त्यामुळे पट्टेही आठच्या बातम्यांपर्यंत पोचले, आणि बातम्या बघणारे पुरुषही चिडले. चोवीस घरांत ज्यानं पट्टे स्वतःच्या डोळ्यांनी एकदाही पाहिले नव्हते असा माणूस एकच होता, आणि लढ्याचं पुढारपण त्याच्याकडे होतं.

बुधवारी त्यांनी मीटिंग घेतली. प्रशांतची वायर काढून टाकायची, दुसरा केबलवाला आणायचा, असा ठराव झाला. हिम्मतरावांनी तो आपल्या वळणदार अक्षरात लिहिला आणि खाली सही ठोकली.

प्रशांत कोपऱ्यात उभा होता. "काका, ही बिल्डिंग गेली तर बाकीच्याबी जातील. नाव खराब होईल. घरी बायको सहा महिन्यांची पोटुशी आहे. मला एक संध्याकाळ द्या."

"सोळा दिल्या."

"एकच. उद्याची."

हिम्मतरावांना त्याच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून ते जास्तच जोरात ओरडले, "बरं, उद्याची. परवा सकाळी मी स्वतः कात्री लावणार."

उद्या गुरुवार होता. नामदेवराव आले ते बगलेत खोकं घेऊन. आबिड्सच्या एका दुकानात आता परदेशी खेळणी उघड मिळायला लागली होती, तिथून त्यांनी आपलं स्वतःचं पहिलं इंजिन आणलं होतं. लाल रंगाचं, जर्मन. खोक्याची सुतळी त्यांनी न कापता गाठ सोडून काढली. त्या दिवशी साहेबानं हिम्मतरावांची फाईल सगळ्यांसमोर परत फेकली होती, पण ते लाल इंजिन रुळावर ठेवताना त्यांना साहेबाचं आडनावही आठवत नव्हतं.

"दोन गाड्या सोडू," नामदेवराव म्हणाले. "क्रॉसिंग उदगीरला."

इकडे प्रशांतनं शेवटचा उपाय म्हणून एक छोटा टीव्ही मिळवला होता. बिल्डिंगीच्या फाटकापाशी त्यानं विजेची लांब वायर जोडून तो चालू केला. अँटेना वर काढली. बारीक पट्टे दिसले. पहिल्या मजल्यावर पट्टे जाड झाले. तो टीव्ही पोटाशी धरून जिना चढायला लागला आणि एकेक दार उघडून माणसं त्याच्यामागे चालायला लागली. कुणीतरी वायर सोडत येत होतं. दुसऱ्या मजल्यावर डावीकडे वळल्यावर पट्टे थोडे विरले, उजवीकडे वळल्यावर दाट झाले. बिराजदारांच्या दारापाशी पोचला तेव्हा पडद्यावर पट्ट्यांशिवाय काही उरलं नव्हतं.

त्यानं बेल वाजवली.

दोन गाड्यांचं क्रॉसिंग चालू असताना बेल वाजली, म्हणून हिम्मतराव पाय आपटत आले आणि दार उघडून कडाडले, "आता काय?"

समोर टीव्ही घेतलेला प्रशांत, त्याच्यामागे पद्मावतीबाई, त्यांच्यामागे जिन्याच्या वळणापर्यंत बिल्डिंग.

"काका, हे पट्टे," प्रशांत हळूच म्हणाला.

हिम्मतरावांनी ते पहिल्यांदाच पाहिले. काळे, पांढरे, थरथरणारे. आतल्या खोलीतून शिट्टी ऐकू आली आणि नामदेवरावांचा आवाज आला, "बिराजदार, उतारू खोळंबलेत. डाऊन गाडी थांबवू का?"

नामदेवरावांनी गाडी थांबवली. पट्टे निम्मे झाले. मग त्यांनी दुसरीही थांबवली, आणि पद्मावतीबाईंच्या मालिकेतली बाई त्या छोट्या पडद्यावर लख्ख दिसायला लागली. ती रडत होती.

"इंजिनाच्या मोटारीत ठिणग्या पडतात ना, त्यांचा त्रास माझ्या वायरीला होतो," प्रशांत म्हणाला. "पंधरा दिवस मी छत्री फिरवतोय."

हिम्मतरावांनी दार लावून घेतलं. बाहेर हसण्याचा मोठा लोट उसळला आणि जिना उतरत गेला. नामदेवराव पिशवी उचलून बाल्कनीत जाऊन उभे राहिले. हिम्मतरावांना राग कुणावर तरी काढायलाच हवा होता. मंगलाताई समोर होत्या.

"तू रोज टीव्हीसमोर असतेस. गाडी सुरू झाली की पट्टे येतात हे तुला कळलं नाही?"

"पहिल्याच आठवड्यात कळलं."

"मग बोलली कामून नाहीस?"

मंगलाताईंनी टीव्हीचा आवाज कमी केला. "तुम्ही गाडी बंद केली असती. मग राग कुठं नेला असता? मालिका काय, दुसऱ्या दिवशी दुपारी परत दाखवतात."

हिम्मतराव सोफ्यावर बसले. त्या संध्याकाळी आमटी कशी होती हे त्यांना सांगता आलं नसतं.

सकाळी ते प्रशांतच्या घरी गेले. ठरावाचा कागद फाडून त्याच्या हातात दिला. चुकलं, हा शब्द रस्ताभर जुळवत आणला होता, पण दारात त्याची बायको राणी दिसली आणि तो उंबऱ्याबाहेरच राहिला. म्हणून ते रागानंच म्हणाले, "गुरुवारी साडेसातला ये. उशीर करू नकोस, गाडी थांबत नाही."

"हौ, काका."

गुरुवारी प्रशांत डाग देण्याचं सामान आणि ठिणग्या शमवणारे डाळीएवढे कंडेन्सर घेऊन आला. दोन्ही इंजिनं उघडून त्यानं ते मोटारीला जोडले. गाड्या सुटल्या, चित्र स्वच्छ राहिलं. काम दहा मिनिटांचं होतं. पण मग नामदेवरावांनी त्याला क्रॉसिंग शिकवलं, हिम्मतरावांनी सिग्नल त्याच्या ताब्यात दिला, आणि तो गुडघे टेकून फळीशेजारी बसला तो बसलाच. पुढच्या गुरुवारी आला. त्याच्या पुढच्याही.

एका गुरुवारी आठच्या सुमारास गच्चीवर काहीतरी बिघडलं आणि सगळ्या बिल्डिंगीचे टीव्ही एकदम काळे झाले. पद्मावतीबाई बेल दाबत राहिल्या. हिम्मतरावांनी दार बोटभर उघडलं.

"सेक्रेटरीसाहेब, सगळं बंद पडलंय. तो प्रशांत कुठं सापडंना. घरी नाही, केबलच्या दुकानात नाही. तुम्ही पाहिला का?"

आत प्रशांत लाल इंजिनाला हिरवा रुमाल दाखवत होता. गाडी अजून बोगद्यात होती.

"नाही बुवा," हिम्मतराव कपाळाला आठ्या घालून म्हणाले. "ह्या केबलवाल्यांचं हे असंच. मी एक कडक पत्र लिहितो." आणि त्यांनी हळूच दाराला कडी घातली.