शेरा : मीटर सदोष

मीटरच्या बाबतीत जगन्नाथरावांना कोणी शिकवू नये! एकतीस वर्षं त्यांनी वीज खात्यात रीडिंग घेतलं होतं. गोठ्यातले मीटर, देव्हाऱ्यामागे दडवलेले मीटर, पालींनी पेटीत संसार थाटलेले मीटर! एका दारातला कुत्रा तर त्यांना चावून चावून शेवटी कंटाळला होता, पण रीडिंग चुकलं नव्हतं. त्यामुळे बोळिंजच्या जनावरांच्या डॉक्टर रचना जेव्हा म्हणाल्या, "काका, तुमच्या बोक्याला डायबेटिस आहे. घरी मीटर ठेवावा लागेल," तेव्हा जगन्नाथराव वाईट वाटून घ्यायच्या ऐवजी खुर्चीत ताठ झाले.

"मीटर ना? ते माझ्यावर सोडा!"

शेजारी त्यांची बायको रुक्मिणी भगव्या, गलेलठ्ठ झेंडूला टोपलीत दाबून बसली होती. ती वाकून बोक्याला म्हणाली, "आता तुझं काही खरं नाही रे बाबा."

"दोन प्रकार असतात," डॉक्टर सांगू लागल्या. "माणसांचा मीटर मेडिकलमध्ये मिळतो, स्ट्रिपही लगेच मिळतात, पण मांजराची साखर तो जरा कमी दाखवतो. दुसरा खास जनावरांचा. त्यात मांजराचा कोड टाकायचा, रक्त अगदी टिंबाएवढं लागतं, पण स्ट्रिप मागवाव्या लागतात. कुठलाही घ्या. पण एकच घ्या आणि तोच वापरा, कारण दोन मीटर कधी जुळत नाहीत. आणि हे नीट ऐका, आकडा कमी आला तर इंजेक्शन द्यायचं नाही. मला फोन करायचा."

जगन्नाथरावांनी यातलं "कुठलाही घ्या" एवढंच ऐकलं, आणि दोन्ही घेतले.

"दोन कशाला?" रुक्मिणीने विचारलं.

"एक मेन मीटर, एक चेक मीटर! संशय आला की शेजारी दुसरा मीटर लावून बघायचा असतो. खात्याची पद्धत आहे."

"आणि दोनदा टोचून घ्यायचं त्या मुक्या जिवाने?"

"ग्राहकाने सहकार्य करावं, असा नियमच आहे."

वही आखली गेली. तारीख, रीडिंग, शेरा. शेरे तेच, एकतीस वर्षं हाताला बसलेले. घरी कोणी नसेल तर 'दार बंद'. मीटरची काच धुरकट असेल आणि आकडा दिसत नसेल तर 'काच धूसर'. मीटरच बिघडला असेल तर 'मीटर सदोष'.

*सोमवार, सकाळ. रीडिंग ३८४. शेरा : ग्राहक हजर. ग्राहकाने चावा घेतला.*

*सोमवार, संध्याकाळ. रीडिंग नाही. शेरा : दार बंद.* (ग्राहक कपाटामागे. बोलावूनही बाहेर आला नाही.)

*मंगळवार, सकाळ. मेन ३७०, चेक ४१२. शेरा : तफावत.*

तफावत! जगन्नाथरावांची झोप उडाली. त्यांनी दोन्ही मीटर रुक्मिणीच्या बोटावर लावून पाहिले. एकाने एकशे चार सांगितले, दुसऱ्याने एकशे एकोणीस.

"जनावरांचा मीटर माझ्यावर लावलात?" रुक्मिणी बोट चोखत म्हणाली. "आणि कोड कुठला टाकलात?"

"मांजराचा."

त्या दिवशी जगन्नाथरावांना जेवण स्वतः वाढून घ्यावं लागलं.

पण हात हळूहळू बसत गेला. कान गरम फडक्याने शेकायचा, कडेच्या शिरेला टोचायचं, टिंब स्ट्रिपला लावायचं, वाटीत जेवण, मग एक युनिट इन्सुलिन. सकाळी आठ, संध्याकाळी आठ. दुसऱ्या आठवड्यापासून मात्र आकडे वेड्यासारखे वागू लागले. दोनशे दहा. एकशे तीस. नव्वद. मध्येच तीनशे, मग पुन्हा पंच्याऐंशी!

"एवढ्याशा औषधाने एवढा फरक? शक्यच नाही," जगन्नाथराव म्हणाले आणि त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'मीटर सदोष'.

झेंडू दिवसातले किती तास घराबाहेर असतो, हा रकाना वहीत नव्हता.

आता मध्येच एक जुनी नोंद घालावी लागतेय. ती या वहीतली नाही. जगन्नाथरावांना विचाराल तर ती कुठेच नाही.

*एप्रिल, एकोणीस वर्षांपूर्वी. ग्राहक : स्टीवन, शेजारची वाडी. पंपाचा मीटर. रीडिंग : जवळजवळ शून्य. शेरा : चोरीचा संशय.*

दोन वाड्यांच्या मध्ये एकच बावखल, म्हणजे आपलं पावसाचं पाणी धरणारं तळं. इकडे जगन्नाथरावांची केळी, तिकडे स्टीवनचा मोगरा. पंप दिवसभर चालायचा आणि मीटर जागचा हलत नव्हता. जगन्नाथरावांसमोर दोन शेरे होते. 'मीटर सदोष' लिहायचं, की 'चोरीचा संशय'? शेजाऱ्याला सांभाळून घेतलं असं कोणी म्हणू नये, म्हणून त्यांनी दुसरा लिहिला. लाइन तोडली गेली. ऐन मे महिन्यात मोगरा जळाला. आणि जूनमध्ये तपासणीचा कागद आला की मीटरच अडकलेला होता.

तो कागद जगन्नाथरावांनी वाचला, फाइलला लावला आणि बावखलाच्या बाजूची खिडकी बंद केली. माफी मागायला जायचंच होतं. आधी म्हणाले पाऊस थांबू दे, मग म्हणाले नाताळ येऊ दे. चार वर्षांपूर्वी स्टीवन गेला, तेव्हा ते छत्री घेऊन चर्चच्या फाटकापर्यंत गेले. आत काही गेले नाहीत.

माणसांचं जाणं-येणं बंद झालं, पण मांजराला कोणी सांगितलं नव्हतं. श्रावणात जगन्नाथरावांकडे मासळी बंद झाली की झेंडू बावखलाच्या काठाने पलीकडे जायचा. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस पलीकडे हात आखडला की इकडे यायचा. दोन्ही धर्मांची कॅलेंडरं पाठ असलेला आणि एकही उपास न घडलेला असा तो पंचक्रोशीतला एकमेव जीव होता!

तिसऱ्या आठवड्यातला रविवार.

*सकाळी आठ. मेन ५२, चेक ७१.*

"अहो, कमी आलाय," रुक्मिणी म्हणाली. "बाईंनी सांगितलं होतं, कमी आला तर द्यायचं नाही."

"कमी आलेला नाही. कमी दाखवलाय! दोन्ही जुळत नाहीत, म्हणजे दोन्ही सदोष. तेजसला फोन लावतो, पोरगा तिसरा मीटर मागवेल."

"आधी बाईंना फोन लावा."

"रविवारी कशाला त्रास?"

आणि एकतीस वर्षांच्या अनुभवाने एक युनिट टोचलं. तासाभराने पलीकडून आरोळी आली.

"पेद्रु! अरे पेद्रु! डोळे उघड रे!"

जगन्नाथराव धावले. बावखलाला वळसा घालून, एकोणीस वर्षांनी, थेट त्या ओट्यावर! स्टीवनची बायको सेलिन मिस्सेच्या, म्हणजे चर्चच्या प्रार्थनेला नेसायच्या साडीत खाली बसली होती. मांडीवर झेंडू, ओल्या पंच्यासारखा लुळा.

"हा झेंडू आहे!"

"हा पेद्रु आहे! सरका साहेब, उजेड अडवू नका!" सेलिन बोटाने त्याच्या हिरड्यांना मध चोळत होती. "साखर उतरलीये याची. स्टीवनला व्हायचं असं, मला कळतं. सकाळी सहाला तर इंजेक्शन दिलंय मी, एवढं कसं..."

"तुम्ही इंजेक्शन दिलं?"

"मग कोण देणार? मेलरॉय माझा भाचा, तो घेऊन गेला वसईच्या डॉक्टरकडे. तीन आठवडे देतेय, सकाळ-संध्याकाळ."

जगन्नाथराव बोटांवर हिशेब मोजू लागले.

"काय झालं साहेब?"

"मीपण."

सेलिनने वर पाहिलं. त्या पाहण्याला कुठलाही मीटर लावला असता तर तो जळाला असता.

स्कूटर निघाली. पुढे जगन्नाथराव, मागे सेलिन, तिच्या मांडीवर टॉवेलात बोका. चर्चमधून सुटलेलं अर्धं निर्मळ गाव रस्त्यावर उभं होतं. एकोणीस वर्षं ज्यांनी एकमेकांच्या दिशेने शिंकही दिली नव्हती त्या दोघांना एका स्कूटरवर बघून फुलवालीने मोगरा मोजायचा सोडला.

"पेशंटचं नाव?" बोळिंजला डॉक्टर रचनांनी विचारलं.

"झेंडू!" "पेद्रु!"

सलाईन लागलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. "काका, मीटर तिन्ही आठवडे बरोबर सांगत होता. एका मांजराला दोन घरांची औषधं! रीडिंग जुळत नव्हतं, तर तुम्हाला एवढंही वाटलं नाही की..."

वाटायला हवं होतं. नव्या पोरांना ते स्वतः शिकवायचे की रीडिंग बसत नसेल तर मीटरला शिव्या देण्याआधी लाइनवर दुसरं कोण आहे ते बघ. म्हणजे स्टीवनच्या वेळी मीटर चुकला होता तेव्हा यांनी माणूस धरला, आणि आता पलीकडे माणूस होता तेव्हा यांनी मीटर धरला! एकतीस वर्षांत एवढं अचूक चुकणं दुसऱ्या कोणाला जमलं नसतं.

दुपारी बोक्याने डोळे उघडले, दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

संध्याकाळी सेलिनच्या ओट्यावर बैठक बसली. डॉक्टरांचा हुकूम होता : एक मीटर, एक वही, एक इंजेक्शन, तेही त्या सांगतील तेव्हा. उद्यापर्यंत औषध बंद, फक्त आकडा बघायचा.

"मीटर माझाच," सेलिनने एक जुनं, कडा झिजलेलं मशीन पुढे केलं. "स्टीवनचं आहे."

"स्ट्रिपची तारीख उलटलीये, वहिनी."

"असू दे. याच्यात स्टीवनचे आकडे आहेत. बटण दाबत गेलं की एकेक येतो." तिने दाबून दाखवलं. "हा शेवटचा. दोनशे एकतीस. आंबा खाल्ला होता. मला म्हणाला, नाही खाल्ला."

"आणि मशीनची जागा भरली की?"

"भरलीच आहे. पेद्रुचा एक आकडा आत आला की स्टीवनचा एक जुना जातो. बेचाळीस गेले."

"मग वापरलंत कशाला?"

"मांजर जिवंत होतं ना! आकड्यांचं काय लोणचं घालू?"

जगन्नाथरावांनी ते मशीन हलकेच तिच्याकडे परत सरकवलं. मग म्हणाले, "हे उचलून आत ठेवा. आजपासून माझा मीटर. जनावरांचा."

"साहेब," सेलिन शांतपणे म्हणाली, "तुमच्या मीटरच्या शेऱ्यावर माझा भरवसा नाही."

जगन्नाथरावांनी वही उघडली आणि बोक्याच्या आकड्यांखाली लिहिलं. ग्राहक : स्टीवन. रीडिंग : जवळजवळ शून्य. शेरा : मीटर सदोष. ग्राहकाचा दोष नाही.

खाली सही केली. वही पुढे सरकवली.

सेलिनने वाचलं. दोन ओळी वाचायला तिने चहा निवेपर्यंतचा वेळ घेतला.

"तारीख आजची घातलीत."

"हो."

"त्या दिवशीची घाला."

"मागची तारीख घालता येत नाही, वहिनी. नियमात बसत नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. "स्टीवन म्हणायचा, येईल जगन्नाथ. नियमात बसलं की येईल."

आठ वाजले. रुक्मिणीने येऊन बोक्याला धरलं, सेलिनने कान शेकला, जगन्नाथरावांनी टोचलं. जनावरांचं मशीन वाजलं. जगन्नाथरावांनी ते हातात धरलं, जवळ नेलं, लांब नेलं. आकडा काही दिसेना. शेवटी त्यांनी पेन उचललं आणि शेऱ्यात लिहिलं, 'काच धूसर'.

सेलिनने मशीन त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"दोनशे बारा," तिने वाचलं. "काच स्वच्छ आहे, भाऊ. डोळे पुसा."