गजभियेसाहेबांची सेंटर फॉरवर्ड

पहिल्या भेटीत आपण माणसाच्या चेहऱ्याकडे पाहतो. दादाराव गजभिये घोट्यांकडे पाहतात. मग अत्तराचा फाया हुंगून थांबावे तसे क्षणभर डोळे मिटतात आणि निकाल देतात. माझ्या नोकरीच्या पहिल्याच सकाळी, पावसात भिजलेल्या माझ्या बुटांवरून नजर वर आणत ते म्हणाले, "लेफ्ट विंग. पण ताई, तुम्ही बॉल पास नाही करत. स्वतःपाशीच ठेवून राहिल्या." मला तेव्हा अख्ख्या इंग्लंडात एक नवरा सोडून कोणी ओळखीचे नव्हते. पास द्यायचा तरी कोणाला?

पुढे त्या नवऱ्याचीही तपासणी झाली. आमच्या घरी जेवायला आले असताना, त्याच्या हातात पोळ्यांचा डबा असतानाच साहेबांनी जाहीर केले, "राइट बॅक. भरवशाचा. फक्त पुढे नका जाऊ देऊ." त्या दिवसापासून माझा नवरा मोटरवेवर कोणालाही ओव्हरटेक करत नाही.

आमचे विद्यापीठ मिडलंड्समध्ये आहे. नाव सांगत नाही, कारण पगार तेच देते. लाल विटांच्या भिंती, कापलेल्या गवताचा ओला हिरवा वास, आणि मधोमध एक घड्याळ, ज्याच्या दुरुस्तीसाठी गेली अनेक वर्षे देणगीदार शोधला जात आहे. तो शोधण्याचे काम आमच्या कार्यालयाचे. माजी विद्यार्थ्यांकडून देणग्या मिळवायच्या आणि त्यांचे आभार मानायचे. आभाराची पत्रे मी लिहिते. देणगीचा आकार पाहून विशेषणे वाढवते. गजभियेसाहेब माजी विद्यार्थ्यांना फोन करत, आणि त्याखेरीज फुटबॉलच्या शिष्यवृत्तीसाठी खेळाडू हेरत. हे दुसरे काम त्यांच्याकडे आले, कारण शनिवारी सकाळी परक्यांच्या शाळेच्या मैदानावर चिखलात उभे राहायला दुसरे कोणी तयार नव्हते. साहेब थर्मासमध्ये चहा आणि डब्यात तर्री-पोहे घेऊन आनंदाने उभे राहत. त्या तर्रीच्या वासाने टचलाइनवरचे गोरे आईबाप हळूहळू त्यांच्याकडे सरकत, आणि सामना संपेपर्यंत प्रत्येक मुलाची सारी माहिती साहेबांना मिळालेली असे.

विद्यापीठाचा नावलौकिक कशाने वाढतो, याविषयी त्यांचे एक शास्त्र होते आणि प्रत्येक बैठकीत ते मांडले जाई. "वर्तमानपत्रात विद्यापीठांचं लीग टेबल येते ना, ते कोणी वाचत नाही. आपली टीम जिंकली का, हे समदे विचारतात. टीम जिंकली की म्हाताऱ्या माजी विद्यार्थ्याची छाती फुगते. छाती फुगली की कोटाचा खिसा उघडतो. खिशातून लायब्ररी निघते. लायब्ररीतून प्रोफेसर. म्हणजे प्रोफेसर कुठून आला?"

"पेनल्टी बॉक्समधून," आम्ही एका सुरात म्हणत असू. आमची प्रमुख फिओना हे वाक्य मराठी उच्चारांसह शिकली होती.

गेल्या वर्षी हे शास्त्र अकस्मात खरे ठरायची वेळ आली. बागेतल्या लाकडी शेड विकून श्रीमंत झालेला आमचा एक माजी विद्यार्थी चहाला आला आणि म्हणाला, मुलींचा फुटबॉल संघ वरच्या डिव्हिजनमध्ये गेला तर ग्रंथालयाचा नवा मजला मी बांधून देईन. फिओनाच्या हातातले बिस्किट चहात पडले. संघात बचाव होता, गोलकीपर होती. गोल करणारी मुलगी तेवढी नव्हती. साहेब तीन महिन्यांनी निवृत्त होणार होते. ते उठले, कोट चढवला आणि म्हणाले, "आणतो."

त्यांनी शोधली ती साउथहॅम्प्टनची श्रेया रामटेके. आई तिथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, मुलगी इथेच जन्मलेली. साहेबांनी तिला एकाच सामन्यात पाहिले होते आणि परतल्यावर दोन दिवस ते नीट जेवले नव्हते. "पोरगी पळत नाही ताई, वाहते," एवढेच सांगत. योगायोग असा, की तिला समुद्रविज्ञान शिकायचे होते आणि आमच्याकडे तो अभ्यासक्रम होता. ज्या गावाहून कोणत्याही दिशेला निघाले तरी समुद्र गाठायला वाटेत दोनदा चहा प्यावा लागतो, त्या गावात समुद्रविज्ञान! पण माहितीपुस्तिकेवर देवमाशाचा देखणा फोटो होता, आणि तो अभ्यासक्रम एकहाती उभा करणाऱ्या प्राध्यापक बाई खरोखर विदुषी होत्या.

श्रेयाचा होकार आणायला आम्ही साउथहॅम्प्टनला निघायच्या आदल्या दिवशी त्या बाई लिंबाचा केक घेऊन निरोप घ्यायला आल्या. त्यांनी नोकरी सोडली होती. त्यांच्या जागी कोणालाही नेमायचे नाही, दुसऱ्या वर्षापासून मुलांना व्यवस्थापनाच्या वर्गात वळवायचे, असे वर ठरले होते. फिओना कानात कुजबुजल्यासारखी म्हणाली, "दादा, हे त्या कुटुंबाला आत्ताच सांगायला हवे असे नाही." साहेबांनी केकचा तुकडा तोंडात टाकला. मला वाटले, ग्रंथालयाचा मजला त्यांच्या डोळ्यांपुढे उभा आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या गाडीतून निघालो. मोटरवेवरून मैदाने दिसत नाहीत म्हणून साहेब आडरस्त्याने जातात. पोचायला दुपार झाली. खाऱ्या वाऱ्यात डिझेलचा वास मिसळलेला, आणि घरांच्या छपरांमागे एका क्रूझ जहाजाची पांढरी भिंत. दारातच डॉक्टरीणबाईंनी "जय भीम, दादा" म्हणून हात जोडले आणि सोफ्यावर बसायच्या आत नागपूरच्या ओळखी निघाल्या.

"मला बाकी काही नको दादा," बाई चहा ओतत म्हणाल्या. "हिला दुसरीकडची पण ऑफर आहे, किनाऱ्यावरच्या युनिव्हर्सिटीची. पण तिथे आपलं कोण? तुमच्याकडे कॉव्हेंट्रीला माझी बहीण आहे, शिष्यवृत्ती आहे. आणि तुम्ही आहात. तुमच्या भरवशावर पाठवते."

श्रेया जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत आली. "हाय काका! सॉरी, मी ट्रेनिंगला गेला होता."

"गेले होते," आई म्हणाली.

"व्हॉटेव्हर, आई. काका, मी आज ॲडमिशनचा फर्म चॉइस टाकते. तुमचाच. लॅपटॉप उघडाच आहे."

खरे तर आमचे काम तिथेच संपले होते. चहा प्यायचा आणि निघायचे. पण साहेबांनी विचारले, "बॉल पायात नसते तेव्हा काय करून राहते तू?"

ती त्यांना खिडकीपाशी घेऊन गेली. तिथे जॅमच्या काचेच्या बरण्या ओळीने मांडल्या होत्या, प्रत्येकीत खाडीतला गाळ. तिने एक बरणी हलवली. आत धुरासारखा करडा ढग उठला आणि मग पाहता पाहता निवळू लागला. खाली रेती, तिच्यावर तपकिरी, वर रेशमासारखा काळा थर. "प्रत्येक ठिकाणचा चिखल वेगळी असते, काका. ऑनेस्टली, मी तासन्‌तास बघते." साहेबांनी ती बरणी उजेडात धरली. त्यांनी अजून तिच्या घोट्यांकडे एकदाही पाहिले नव्हते, हे माझ्या तेव्हा ध्यानात आले.

बरणी जागेवर ठेवून ते म्हणाले, "तू आमच्याकडे येऊ नको."

"सर," मी म्हणाले.

"बोलू द्या ताई. पोरी, तो कोर्स ज्या मॅडमनं उभा केला त्या सोडून चालल्या. दुसरं कोणी येणार नाही. पहिल्या वर्षी समुद्र शिकवतील, दुसऱ्या वर्षी मॅनेजमेंट. त्या किनाऱ्यावरच्या लोकांकडे स्वतःची बोट आहे. आमच्याकडे देवमाशाचा फोटो आहे."

डॉक्टरीणबाईंनी किटली खाली ठेवली. "दादा, तुम्ही हिला न्यायला आलात की घालवायला?"

"न्यायलाच आलो होतो, डॉक्टरसाहेब." साहेब सोफ्याच्या कडेवर टेकले. "मी नागपूरच्या इंदोऱ्याचा. कॉलेजवाले असेच आमच्या घरी आले होते, माझं फुटबॉल पाहून. मायनं शेजारून कपबशा आणून त्यांना चहा पाजला. काय शिकतो, म्हणाले. म्हटलं, भूगर्भशास्त्र. मले दगडांचं भारी वेड. म्हणाले, हो ना, आहे आमच्याकडे. तीन वर्षं मी त्यांना शील्ड आणून दिली. प्रोफेसर काही आला नाही."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. कोणी उठले नाही.

"मग?" श्रेयाने विचारले.

"मग काय. शील्ड प्रिन्सिपलच्या कपाटात, मी घरी. पुढे कॉमर्स केलं, पोट भरलं. ते काही वाईट नाही." त्यांनी थंड झालेला चहा एका घोटात संपवला. "पण दगड राहिले."

"आणि तुमचा स्ट्रायकर, काका?"

"शोधू ना बाप्पा. पायांचा काय तोटा आहे जगात?"

 ऑफिसात पोचल्यावर साहेब सरळ फिओनाच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "मुलगी आणली नाही. योग्य जागी पाठवली." फिओना खूप रागावली आणि मग खूप वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. आमचा संघ वरच्या डिव्हिजनमध्ये गेला नाही. शेडवाल्या गृहस्थांनी ग्रंथालयाचा मजला बांधला नाही, पण अगदीच रिकाम्या हाताने कसे जायचे म्हणून तीन शेड पाठवून दिल्या. त्यांत आता फुटबॉल ठेवतात. त्यासाठीचे आभारपत्र मी लिहिले. विशेषणे शोधताना नाकी नऊ आले.

विद्यापीठांचे सामने बुधवारी दुपारी असतात. यंदाच्या एका बुधवारी किनाऱ्यावरच्या विद्यापीठाचा संघ आमच्या मैदानावर आला. निवृत्त गजभियेसाहेब आमच्या संघाचा मफलर गुंडाळून हजर होते. श्रेयाने आम्हाला दोन गोल घातले. दुसरा तर असा, की आमच्याच गोलकीपरने टाळी वाजवली.  साहेबांच्या शास्त्राचा तो सर्वांत सुंदर पुरावा होता, आणि तो आमच्या विरुद्ध सिद्ध होत होता.

सामना संपताच ती गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली, धापा टाकत धावत आली. "काका!" तिच्या अंगाला घामाचा आणि चुरडलेल्या गवताचा वास येत होता. मला वाटले, साहेब आता त्या दुसऱ्या गोलाबद्दल विचारतील.

"बोटीवर गेली होती म्हणे तू," ते म्हणाले. "काय निघालं खालून?"

तिचा चेहरा उजळला. "काका, एक लांब ट्यूब खाली सोडते, मग सगळा चिखल तसाच वर येते, लेयर बाय लेयर. तळाचा भाग हजारो वर्षं जुनी! मी हातात घेतली. सडक्या अंड्यासारखी वास येते."

"हजारो वर्षं," साहेब पुटपुटले. "आणि थर कसे ओळखतेस?"

पलीकडे त्यांच्या बसचे इंजिन सुरू झाले. कोचने तिला हाक मारली. श्रेया तिथेच उकिडवी बसली. साहेबही कसेबसे गुडघे वाकवून तिच्यासमोर बसले. तिने ओल्या मातीत बोटाने एक आडवी रेघ ओढली.

"हा सगळ्यात वरचा."

साहेबांनी मफलरच्या टोकाने चष्मा पुसला आणि पुढे झुकले.

"हं. आता त्याखालचा सांग."