भिकोबाच्या गुहेतली कंपनी

एका जंगलात, मुलांनो, भिकोबा नावाचं एक अस्वल होतं. त्याला सरूबाई नावाची बायको होती, दोन पिल्लं होती आणि आजोबांपासून चालत आलेली ऐसपैस गुहा होती. एवढं असताना सुखानं झोपायचं सोडून त्याला मधाचं दुकान काढायची हौस आली. हसू नका. हौस कोणालाही येते.

तो खवले वकिलांकडे गेला. जंगलातलं हे एकमेव कायदेपंडित खवल्या मांजर. अवघड प्रश्न आला की वकील अंगाचा गोळा करून पडून राहत आणि फी दिली की उलगडत.

"दुकान बुडालं तर गुहा जाईल का हो?" भिकोबानं फी ठेवून विचारलं.

"तुम्ही दुकान काढूच नका. कंपनी काढा. मग मध कंपनीचा, उधारीही कंपनीची. कायद्याच्या लेखी ती स्वतंत्र व्यक्ती असते. बुडालंच तर तुमचं भांडवल तेवढं बुडेल. गुहेला धक्का नाही."

"पण ती राहील कुठे?"

"पत्ता तुमचाच द्या की."

इथे भिकोबाची गडबड झाली. व्यक्ती म्हटल्यावर त्यानं पुढची खोली झाडली, घोंगडी अंथरली आणि जेवणाचं ताट वाढलं. कंपनी काही जेवली नाही. लाजत असेल, असं म्हणून ते ताट भिकोबानंच संपवलं.

"कोण ही बया?" सरूबाईंनी विचारलं.

"अगं, कायदेशीर आहे ती."

"असेल. फुकट राहायचं नाही म्हणावं. भाडं ठरवा."

मग अख्ख्या गुहेचा दहा वर्षांचा भाडेकरार झाला. मालक म्हणून भिकोबानं उजवा पंजा उठवला आणि कंपनीचा संचालक म्हणून डावा.

दुकान धडाक्यात चाललं. एकदा भिकोबानं बरणीत बोट घातलं, तर वकील ओरडले, "कंपनीच्या मधाला हात लावता?"

"मीच मालक ना?"

"तुम्ही भागधारक. नफा व्हावा, सभा भरावी, ठराव व्हावा, मग लाभांश चाटावा."

भिकोबानं तिथेच सभा भरवली. सूचक तो, अनुमोदक सरूबाई. ठराव एकमतानं मंजूर झाला आणि मग बरणीत चारही पंजे गेले. असा सुखाचा कारभार जंगलानं पाहिला नव्हता.

माल वाढवायचा तर मधमाश्यांकडून उधारीवर घ्यायला हवा. त्यांच्या राणीसाहेब हिशेबाला पक्क्या.

"तुमच्या कंपनीला आम्ही ओळखत नाही," त्या म्हणाल्या. "तिनं पैसे बुडवले तर तुम्ही भरायचे. तशी वैयक्तिक हमी द्या."

भिकोबाला हे फार लागलं. "माझ्या घरची पाहुणी आहे ती. तिच्यामागे मी नाही उभा राहणार तर कोण?" असं म्हणून त्यानं हमीपत्रावर पंजा उठवला. वकिलांनी ते ऐकलं आणि त्यांचा जागच्या जागी गोळा झाला.

मग मुंग्यांची वरात आली आणि आठवड्याभरात अख्खं गोदाम चाटून पुढे गेली. मधमाश्या वसुलीला आल्या तेव्हा कंपनीकडे अकरा रिकाम्या बरण्या होत्या.

"हमीप्रमाणे गुहा आमची," राणीसाहेब म्हणाल्या. "बाहेर व्हा."

आजोबांची गुहा भिकोबानं एका पंज्यानं घालवली होती. त्यानं दोन्ही पिल्लं काखेत घेतली आणि तो बाहेर पडला.

सरूबाई मात्र हलल्या नाहीत. "आम्ही जातो हो. पण भाडेकरीण आत आहे. दहा वर्षांचा करार आहे तिचा. मालक बदलला म्हणून भाडेकरू उठत नाही."

राणीसाहेबांनी गोळा होऊन पडलेल्या वकिलांसमोर फी ठेवली. वकील उलगडले.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

"अहो, पण आत कोणीच नाही."

"कोणीच नाही, मग बाहेर कोणाला काढणार?"

"आणि हे अस्वल?"

"ते मालक म्हणून गेले. आता संचालक म्हणून कामावर यायला हवेत. उशीर झालाय त्यांना."

हे ऐकून भिकोबा उंबऱ्यावरून तसाच मागे वळला आणि आत येऊन बसला. पाच मिनिटांत सभा झाली. सरूबाई चिटणीस झाल्या, पिल्लं शिपाई झाली आणि सगळ्यांची राहायची सोय ऑफिसातच करण्याचा ठराव टाळ्यांच्या गजरात संमत झाला.

"भाडं कोण देणार?" राणीसाहेबांनी विचारलं.

"कंपनी देईल. पैसे आले की."

"निदान त्याची तरी कोणीतरी हमी द्या," राणीसाहेब रडकुंडीला येऊन म्हणाल्या.

भिकोबाला त्यांची दया आली. त्यानं पंजा पुढे केला. सरूबाई उठल्या आणि त्या पंज्यावर जाऊन बसल्या.

तात्पर्य: दिलेला शब्द पाळणारा बेघर होतो आणि जो कधी जन्मालाच आला नाही, त्याला दहा वर्षं कोणी हलवू शकत नाही. तेव्हा मुलांनो, मोठेपणी कोण होणार असं पाहुण्यांनी विचारलं, तर डॉक्टर किंवा इंजिनिअर म्हणू नका. कंपनी होणार म्हणा.