ओळख पटली आहे

सुनेचा मोबाइल नंबर सकाळी बंद झाला. बंद करणारी कंपनी तीच, जिच्या मदत-क्रमांकावर सुनेचा आवाज वाजतो. "कृपया थांबा, आपला वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे," असं सांगून तिने आजवर अख्ख्या जगाला ताटकळत ठेवलं. आज तिची पाळी होती. करावं तसं भरावं, दुसरं काय.

एरवी तिने कळ सोसली असती. पण संध्याकाळपर्यंत रेडिओ-नाटकाचा दिग्दर्शक त्याच नंबरवर फोन करणार होता. नायिकेचं काम! "एक दाबा, दोन दाबा" करून जीभ झिजली, आता कुठे माणसाचं बोलायला मिळणार होतं. तेही नक्की नव्हतं. आवाज गोड आहे, पण यंत्र बोलल्यासारखा वाटतो, विचार करून सांगतो, असं तो तोंडावर म्हणाला होता.

नवऱ्याच्या फोनवरून तिने मदत-क्रमांक लावला. नंबर सुरू करायचा तर चार वाक्यं बोलून आवाजाची ओळख पटवायची होती. ती बोलली, स्वच्छ, सुरेल, एकही अक्षर न सांडता. यंत्राने तिच्याच आवाजात तिला सुनावलं, "हे ध्वनिमुद्रण आहे. कृपया स्वतः बोला."

मग ती खोकून बोलली. रडवेली होऊनही बोलली, पण रडतानाही उच्चार शुद्ध. आता शेवटची संधी, असं यंत्राने गोड आवाजात बजावलं. यंत्राचं काही चुकत नाही, तू बोलतेसच तशी, असं नवरा म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

तेवढ्यात सासूबाईंनी फोन ओढून घेतला आणि थेट सुनेच्या आवाजात सुरू झाल्या. "अहो, मीच बोलतेय ना, किती वेळा सांगू? या घरात सगळं मीच करायचं का? माझं मेलीचं नशीबच असं." सून घरी कुरकुरते तोच नाकातला सूर, तोच शेवटचा सुस्कारा.

"आपली ओळख पटली आहे," सुनेच्या आवाजाने सासूबाईंना सांगितलं.

सून बघतच राहिली. "आई, हे कुठे शिकलात?"

"तू कामाला गेलीस की आम्हा मायलेकांची तेवढीच करमणूक," सासूबाई म्हणाल्या. नवऱ्याला एकदम खिडकीबाहेर काहीतरी दिसलं.

सून तोंड उघडणार, तोच तिचा फोन वाजला. सासूबाईंनी तोही उचलला आणि त्याच सुरात म्हणाल्या, "हं, बोला, पण लवकर बोला. गॅसवर दूध आहे."

पलीकडे दिग्दर्शक भलताच खूश झाला. असंच जिवंत बोलायचं, म्हणाला, काम पक्कं, पुढच्या महिन्यात ध्वनिमुद्रण.

सून हल्ली रोज संध्याकाळी सासूबाईंकडे शिकवणीला बसते. स्वतःसारखं बोलणं तिला अजून जमत नाही, पण सासूबाई म्हणतात, येईल हळूहळू.