ठणठणीत पेशंट

बाळाभाऊंच्या तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात होते, एकही किडलेला नाही, आणि तरी हा गृहस्थ महिनाभर रोज सकाळी अकराला माझ्या दातांच्या दवाखान्यात गाल धरून कण्हत बसायचा.

दोष सिनेमाचा. या हिंदी मुलखातल्या शहरात, समता कॉलनीत मी दवाखाना थाटला तेव्हा पहिले तीन आठवडे कोणी फिरकलंच नाही. आणखी महिनाभर असंच गेलं असतं तर गाशा गुंडाळून अमरावतीला माहेरी जायची वेळ आली असती. मागच्या गल्लीत राहणारे बाळाभाऊ, रेल्वेच्या मालधक्क्यावरून रिटायर झालेले, एका दुपारी हिंदी सिनेमा पाहून थेट माझ्याकडे आले. त्यात म्हणे चार बेकार दोस्त रिकाम्या हॉटेलात खोटी गिऱ्हाइकं बसवतात आणि मग खऱ्यांची रांग लागते.

"पुढे पकडले जात असतील," मी म्हटलं.

"मले का मालूम? मी इंटरवललेच उठतो. सिनेमात पुढं दोस्ती तुटतेच, ते पाहवत नाही. मॅडम, टेन्शन नका घेऊ. प्लान पक्का!"

ही फसवणूक आहे म्हणून मी ओरडले, पण ऐकतो कोण? दुसऱ्या दिवशी अकराला भाऊ आणि त्यांचे जुने दोस्त साहूजी बाकावर हजर. रस्त्यावरून कोणी डोकावलं की भाऊ मोठ्यानं "अरे देवा रे!" करायचे. साहूजी कशालाही फक्त "हव", म्हणजे हो, म्हणायचे. आणि काय सांगू, लोक यायला लागले! गर्दी दिसली की डॉक्टर हुशार, हे आपल्या लोकांचं गणित.

घात केला साहूजींनी. शेजारी बसलेल्या एका बाईंनी कळवळून विचारलं, "भैया, कौन सा दाँत?" दाखवायला साहूजींनी तोंड उघडलं आणि अख्खी कवळी बाईंच्या पदरात! मेलेच मी. पण भाऊ तयार: "देखा दीदी? दाँत नहीं, तो दर्द भी नहीं!" बाईंना हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी नणंदेलाही घेऊन आल्या.

त्या संध्याकाळी मी भाऊंना फटकारलंच. "आता खऱ्या पेशंटला बसायला जागा नाही. उद्यापासून यायचं नाही."

भाऊ उठले आणि चपला घालून गेले.

मग आठ दिवस पत्ता नाही. फोन बंद, दाराला कुलूप. एकटा माणूस, बायको जाऊन दोन वर्षं झालेली. माझ्या जिभेला हाडच नाही मेलं! शेवटी साहूजींना गाठलं. ते म्हणाले, "रोज बिहनिया तेलीबांधा जाथे. आँखी के नवा डॉक्टर तिर."

रोज सकाळी तेलीबांध्याला, डोळ्यांच्या नव्या डॉक्टरकडे! आता डोळ्यांना काय झालं? दवाखाना बंद करून धावले.

तिथल्या बाकावर भाऊ एकटेच, डोळ्याला रुमाल लावून. मला पाहिलं आणि कुजबुजले, "हळू बोला मॅडम. डॉक्टर नवी पोट्टी आहे, कोणी येऊनच नाही राहिलं तिच्याकडे."

डोळे ठणठणीत होते. हायसं वाटून मी शेजारी बसले. मग चिडले. "काहून करता हे, भाऊ? फोन तरी चालू ठेवा! जीव टांगणीला लागला होता माझा."

"खरंच?" भाऊंनी रुमाल काढला. "घरी कोण विचारते हो? बाकावर बसलं की अनोळखी माणूसही विचारते, का होऊन राहिलं, कुठं दुखते. बरं वाटते, मॅडम."

मला लाज वाटली. महिनाभर या माणसाला मी नाही नाही ते ऐकवलं, पण हे एक विचारलं नव्हतं. मी त्यांचा हात धरला. "भाऊ, काय होऊन राहिलं तुम्हाले?"

एरवी तक्रार तोंडावर तयार असायची. आज भाऊ रुमालाची घडी घालत बसले.

"काहीच नाही हो," ते म्हणाले. "पण तुम्ही बसा थोडं. बाहेरून पाहणाऱ्याले तिचे दोन पेशंट दिसतील."