ओहोळातला उंबरा

पाण्याने सरळ वागावं, ही सुसंस्कृत समाजाची किमान अपेक्षा असते. माणसाचं वेगळं. त्याला संसार असतो, कधीकधी वाकडं चालावं लागतं. पाण्याला कसली अडचण?

तरीही वसईजवळच्या होळी गावामागचा ओहोळ दोन वर्षांपूर्वी बिघडला. काठावरचा उंबर त्यात आडवा पडला आणि (कोणालाही न विचारता) तिथेच राहिला. मग बाकीच्यांचं फावलं. ओंडक्यामागे गाळ बसला. गाळात लव्हाळा उगवला आणि त्याने निविदा न भरताच काठ धरून ठेवला. खेकड्यांनी फलक न लावता खोदकाम काढलं. ओंडक्याखालून घुसणाऱ्या पाण्याने कमरेएवढा डोह कोरला. डोहात मासे राहायला आले, माशांसाठी खंड्या आला. पाणी रेंगाळून जमिनीत मुरू लागलं आणि शेजारच्या गंगारामकाकांच्या बावखलात, म्हणजे वाडी शिंपायच्या तळ्यात, भर मे महिन्यात गोडं पाणी टिकलं. पूर्वी ते एप्रिलातच मचूळ व्हायचं आणि काकांची केळी पिवळी पडायची.

इतका उघड गैरप्रकार समोरच्या ‘रिव्हर टच हाइट्स’ला बघवेना. सेक्रेटरी भूपेशने तक्रार केली की माहितीपत्रकात पाणी निळं आणि सरळ दाखवलेलं असताना प्रत्यक्षात त्यात लाकूड आहे. तक्रारीवर ११२ सह्या होत्या. (पैकी ओहोळ पाहिलेले ९. पैकी निर्माल्य टाकताना ८.)

संबंधित विभागाचा सिद्धेश पाहणीला आला.

“काका, सोमवारी जेसीबी येईल. लाकूड उचलावं लागणार.”

“उचल की. बावखल पण ने सोबत. लाकूड गेलं की भरतीचं खारं पाणी आत. मग केळी काय तुझ्या साहेबाच्या टेबलावर लावू?”

“व्ह्यू अडतो म्हणतात ते.”

“त्यांच्या बिल्डिंगीने माझा अख्खा तुंगारेश्वराचा डोंगर अडवला. मी बोललो काय?”

सिद्धेशने मोबाइल काढला आणि अहवाल तोंडी सांगायला घेतला. मोबाइलसमोर तो स्पष्ट बोलला, ‘ओहोळात उंबर आढळला.’ मोबाइलने लिहिलं, ‘ओहोळात उंबरा आढळला.’ साहेबांनी सही केली.

इथे प्रकरण वृक्ष शाखेच्या हातून गेलं. उंबरा आहे म्हणजे दार असणार, दार आहे म्हणजे घर असणार. घर पाडायचं तर नोटीस हवी, नोटिशीला पत्ता हवा, पत्त्याला घर क्रमांक हवा. चौथ्या दिवशी ओंडक्यावर १४/अ अशी पाटी बसली. मग भोगवटादारांची नोंद झाली:

लव्हाळा (कायम रहिवासी).
खेकडे ४३ (मोजणीस दोघांचा विरोध, सिद्धेशच्या अंगठ्याला पट्टी).
खंड्या १ (कामावर गेला होता).
मासे (हजर, पण जबाब देण्यास तयार नाहीत).

सुनावणीच्या तिन्ही तारखांना एकही भोगवटादार आला नाही. तरी नियम तो नियम. आधी पुनर्वसन, मग पाडकाम, तेही शक्यतो त्याच ओहोळाच्या पात्रात. सिद्धेशने जुना नकाशा पसरला. त्यात ओहोळ एका जागी छान वळण घेत होता. त्या वळणावर आज ‘रिव्हर टच’चं पार्किंग आहे. खेकड्यांना तिथे ४३ जागा देण्याचा प्रस्ताव टाइप होऊन भूपेशच्या हातात पडला.

“अहो, माझी गाडी कुठे लावू?” भूपेशने विचारलं.

“पुनर्वसन चालू असेपर्यंत ओहोळात चालेल,” सिद्धेश म्हणाला. “तिथे जागा रिकामी होतेय.”

भूपेशने तक्रार त्याच दुपारी मागे घेतली, ‘सदर लाकूड आता आवडू लागले आहे’ असं कारण देऊन. बावखल वाचलं. गंगारामकाकांच्या विमलाकाकू आता घरच्या उंबऱ्याला हळदकुंकू वाहून झालं की उरलेलं १४/अ ला वाहतात. सरकारदरबारी उंबरा म्हटलंय, आपण कशाला कमी पडा, असं त्यांचं म्हणणं.

तात्पर्य, ओंडक्याचे कागद आज पूर्ण आहेत: पत्ता, पाटी, भोगवटादारांची यादी. तुम्ही हे वाचत बसला आहात त्या बिल्डिंगचं भोगवटा प्रमाणपत्र आलं का, तेवढं सेक्रेटरींना विचारून ठेवा. नसेल आलं तर घाबरू नका. १४/अ मध्ये दोन बिळं रिकामी आहेत. खेकड्यांची अट एकच, वाकडं चालता आलं पाहिजे. तुम्हाला त्यात अडचण येऊ नये.